पाणी कुणाचं, पाइप कुणाचा? बेळगाव सीमाभागातल्या नळ आणि ड्रेनेजच्या मालकीबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बेळगावचं पाणी खासगी कंपनीला विकलं, हे खरं का?

नाही. विकलेलं नाही, चालवायला दिलेलं आहे. या दोन शब्दांच्या गोंधळावर गल्लीतली निम्मी भांडणं होतात.

नळाच्या बाबतीत तीन गोष्टी वेगळ्या धरायच्या. टाक्या, पाइप, पंप कुणाच्या नावावर आहेत, ती मालकी. रोज व्हॉल्व्ह कोण फिरवतं, गळती कोण काढतं, तो कारभार. पाणीपट्टी किती, हे कोण ठरवतं, तो दर. बेळगावात मालकी सरकारी यंत्रणेची आहे आणि दरही तिथेच ठरतो. कारभार मात्र कराराने कंपनीकडे दिलेला आहे. २००५ मध्ये जागतिक बँकेच्या कर्जावर हुबळी-धारवाड, बेळगाव आणि गुलबर्गा इथे २४ तास पाण्याचा प्रयोग सुरू झाला, तेव्हा तो फ्रान्सच्या व्हिओलिया कंपनीकडे होता. बेळगावच्या ५८ पैकी १० वॉर्डांत तो झाला. उरलेल्या ४८ वॉर्डांसह सगळं शहर २४ तासांवर नेण्याची पुढची योजना एल अँड टीकडे गेली. दोन्ही वेळा जमीन, जलाशय, पाइप कंपनीच्या नावावर झाले नाहीत.

म्हणून "मालक कोण" यावर घसा कोरडा करण्यापेक्षा "करारात काय लिहिलंय आणि ते मोजतं कोण" हे विचारावं. उपयोग त्याचाच होतो.

माझ्या घराचा नळ नेमका कुणाच्या ताब्यात?

पत्त्यावर अवलंबून. टिळकवाडी, शहापूर, वडगाव, अनगोळ, खासबाग हा भाग महापालिकेच्या हद्दीत. कॅम्प भागाचा कारभार कँटोन्मेंट बोर्डाकडे. हे बोर्ड संरक्षण खात्याखालचं, २००६ च्या कँटोन्मेंट कायद्यावर चालणारं, त्यामुळे तिथली तक्रार महापालिकेच्या नगरसेवकाकडे नेऊन काही होत नाही. शहराला चिकटलेली बरीच उपनगरं ग्रामपंचायतीत मोडतात. रस्त्याच्या एका बाजूला महापालिकेचा नळ आणि दुसऱ्या बाजूला पंचायतीचा, अशा जागाही आहेत. निपाणीला नगरसभा आणि जवाहर तलाव. खानापूरला नगर पंचायत आणि मलप्रभा.

या सगळ्यांच्या मागे राज्याची दोन मंडळं असतात. कर्नाटक नागरी पाणीपुरवठा आणि ड्रेनेज मंडळ मोठ्या योजना बांधतं. जागतिक बँकेसारख्या कर्जाच्या योजना केयूआयडीएफसी हे शहरी सुविधांना पैसा पुरवणारं महामंडळ हाताळतं. धरण पुन्हा वेगळ्याच खात्याचं. हुक्केरी तालुक्यातलं घटप्रभेवरचं हिडकल पाटबंधाऱ्यासाठी बांधलं, शहराला त्यातला वाटा मिळतो. मार्कंडेय नदीवरचा राकसकोप जलाशय मात्र शहराच्या पिण्यासाठीचा. पावसाळ्यात रोज पेपरात त्याची पातळी येते आणि २४७५ फुटांना तो भरला की गावाचा जीव भांड्यात पडतो.

"खासगीकरण" म्हणजे नेमकं काय काय असू शकतं?

एका टोकाला साधं कंत्राट आहे: मीटर वाचणं, पंप चालवणं, गळती काढणं. असं कंत्राट प्रत्येक पालिका देते, त्याला कुणी खासगीकरण म्हणत नाही. त्यापुढे व्यवस्थापन करार येतो. यात कंपनीची माणसं कारभार चालवतात, पैसा पालिकेचा असतो आणि मोबदला ठरलेली कामगिरी गाठण्यावर मिळतो. भाडेकरारात कंपनी पाणीपट्टी गोळा करते आणि त्यातला वाटा ठेवते, पण नवे पाइप पालिकेनेच टाकायचे. सवलत करारात गुंतवणूकही कंपनीचीच असते आणि २०-३० वर्षांत ती वसूल होते. दुसऱ्या टोकाला थेट विक्री. १९८९ मध्ये इंग्लंड आणि वेल्समध्ये दहा प्रादेशिक पाणी प्राधिकरणं शेअर बाजारात विकली गेली. पाइपांसकट विक्रीचं इतकं मोठं उदाहरण जगात विरळच.

आपल्याकडे बेळगाव पहिल्या टोकाच्या जवळ आहे. नागपूर थोडं पुढे गेलं. तिथे २०१२ पासून २५ वर्षांसाठी सगळ्या शहराचा पाणीपुरवठा एका खासगी कंपनीकडे आहे, पाइप मात्र महापालिकेचे.

वेगळी आणि वाईट जात म्हणजे नदीच देऊन टाकणं. छत्तीसगडमध्ये शिवनाथ नदीवर १९९८ च्या करारानंतर वीसेक किलोमीटरच्या पट्ट्यात काठच्या गावांना आपल्याच नदीत उतरायची अडचण झाली. बेळगावच्या करारांची तुलना लोक त्याच्याशी करतात. ती तुलना चुकीची आहे, पण भीती कुठून येते ते कळतं.

२४ तास पाणी कंपनीमुळे येतं का? पालिकेला जमत नाही का?

जमतं. कराडला चिकटून असलेल्या मलकापूरने नगरपंचायत असताना, महाराष्ट्र जीवन प्राधिकरणाच्या मदतीने, २४ तास पाणी दिलं: सगळ्यांना मीटर, एचडीपीईचे (प्लास्टिकचे) पाइप, वापर वाढेल तसा चढता दर. ओडिशातल्या पुरीत २०२१ पासून नळाचं पाणी थेट पिण्याजोगं २४ तास मिळतं, आणि ते सरकारी कंपनीने केलं. उलट कंपनी असूनही पाणी न सुटणारी गावं शोधायला फार लांब जावं लागत नाही.

पाणी सतत येतं ते दाबामुळे, जोडण्यांमुळे, मोजण्यामुळे. जुनं जाळं उपसून नवं टाकलं, शहराचे छोटे भाग पाडून प्रत्येक भागाच्या तोंडाला मोठा मीटर बसवला, प्रत्येक घराची जोडणी बदलली, की पाणी टिकतं. हे करणारा सरकारी अभियंता असो की कंपनीचा, पाइपाला कळत नाही. कंपनीकडे दिल्याचा खरा फायदा एकच: काम आणि देखभाल एकाच्याच गळ्यात असेल तर जोड हलगर्जीने करून पळता येत नाही, कारण पुढची काही वर्षं ती गळती त्यालाच काढायची असते. आणि तोटा हा की करार संपताना नकाशे, सॉफ्टवेअर आणि कुठल्या गल्लीत कुठला व्हॉल्व्ह आहे ही माहिती कंपनीबरोबरच निघून जाऊ शकते.

दोन दिवसांनी दोन तास नळ आला तरी आमचं भागतं. २४ तासांचा हट्ट कशाला?

कारण नळ बंद असतो तेव्हा पाइप रिकामा असतो, आणि रिकाम्या पाइपात बाहेरचं आत शिरतं. आपल्या जुन्या गल्ल्यांत जस्ताचा अर्धा इंची पाइप बहुतेक वेळा गटारातूनच घरात गेलेला असतो. पाणी चालू असताना दाब आतून बाहेर, त्यामुळे चिरेतून पाणी गळतं. नळ बंद झाला की पाण्याबरोबर हवा ओढली जाते आणि त्याच चिरेतून गटाराचं पाणी आत येतं. दुसऱ्या दिवशी नळ सुटला की पहिली घागर गढूळ, वास मारणारी. त्यात कुणी थेट नळाला अर्धा एचपीची मोटार लावली तर ती शेजारच्या घरांच्या पाइपातही पोकळी करते. नळाला मोटार लावणं बेकायदा आहे ते पाणी चोरलं जातं म्हणून. गटार खेचलं जातं हे त्याहून वाईट.

याचं मोजमाप आपल्या शेजारीच झालेलं आहे. हुबळी-धारवाडच्या नळांतून घेतलेल्या नमुन्यांचा अभ्यास २०१३ साली प्रसिद्ध झाला. २४ तास पाणी असलेल्या भागात ०.७ टक्के नमुन्यांत ई-कोलाय जंतू सापडले, ठराविक वेळी पाणी येणाऱ्या भागात ३१.७ टक्के नमुन्यांत. दोन वर्षांनी त्याच शहरात आजारांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. २४ तासांच्या भागात विषमज्वर कमी दिसला, पण साध्या जुलाबात मोठा फरक आढळला नाही. तेव्हा "कंपनी आली आणि आजार संपले" म्हणणाऱ्यावरही विश्वास ठेवू नका.

मग सगळ्या शहरात इतकी वर्षं का लागतात?

कारण रस्ते. शहर उकरल्याशिवाय जुनं जाळं बदलत नाही. पाइपावर निदान एक मीटर माती हवी. सांडपाण्याच्या वाहिनीपासून आडवं अंतर ३ मीटर, आणि एकमेकांवरून जाताना पाण्याचा पाइप किमान अर्धा मीटर वर. जुन्या बोळात ही अंतरं कागदावरच राहतात. पुन्हा एकाच रस्त्यात गॅस, इंटरनेटची ओएफसी केबल, ड्रेनेज, सगळ्यांचे ठेकेदार पाळीपाळीने येतात. पहिल्याने घातलेला पाइप तिसऱ्याचं जेसीबी फोडतं. ही चूक सरकारी आणि खासगी दोघंही सारख्याच निष्ठेने करतात.

दुसरं कारण वीज. हिडकलचं आणि राकसकोपचं पाणी उपसून आणावं लागतं. वाटेतल्या उपसा केंद्रावर वीज गेली किंवा मुख्य वाहिनी फुटली की टाक्या रिकाम्या, आणि रिकामं झालेलं जाळं पुन्हा भरायला वेळ लागतो. २४ तास पाण्याच्या वॉर्डातही असं झाल्यावर पहिल्या दिवशीचं पाणी थोडं वाहू द्या.

माझ्या घराला पुरेसा दाब आहे का, हे कसं ओळखायचं?

नळसामानाच्या दुकानात ० ते ४ किलोचं प्रेशर गेज मिळतं. जमिनीवरच्या पहिल्या नळाला, हौदात पडण्याआधी, ते लावा. घरातले सगळे नळ बंद करून आकडा बघा. शहरी पाणीपुरवठ्याच्या १९९९ च्या केंद्रीय नियमावलीत एकमजली घरासाठी ७ मीटर, दुमजलीसाठी १२ आणि तीनमजलीसाठी १७ मीटर दाब अपेक्षित होता. १० मीटर म्हणजे साधारण १ किलो. सकाळी सहा ते आठमध्ये आणि दुपारी, असं दोनदा मोजा आणि फोटो काढून ठेवा. "पाणी कमी येतंय" या तक्रारीपेक्षा "सकाळी सातला ०.३ किलो दाब आहे" या तक्रारीला उत्तर देणं त्यांना जड जातं.

दर कोण ठरवतं? कंपनी आली की पट्टी वाढणारच ना?

दर राज्य सरकारच्या मंजुरीने, स्थानिक संस्थेच्या ठरावावर ठरतो. कंपनी तो ठरवत नाही. पण करारामुळे दरावर दबाव येतो, हे मान्य करायला हवं. कंपनीचा मोबदला ठरलेला असतो. वसुली कमी झाली तर फरक पालिकेच्या तिजोरीतून जातो, आणि मग सभागृहात दरवाढीचा विषय येतो.

खर्च कुठून येतो ते एकदा हिशेबाने बघा. १००० लिटर पाणी १०० मीटर वर चढवायला शुद्ध गणिताने ०.२७ युनिट वीज लागते. पंप-मोटारीत वाया जाणारी वीज धरली तर ०.४ युनिट. त्यावर तुरटी-क्लोरिन, पगार, दुरुस्ती. आता शंभर लिटर पाठवले आणि ४० वाटेत गळले किंवा चोरीला गेले, तर उरलेल्या ६० लिटरवर सगळा खर्च बसतो. म्हणजे लिटरमागे खर्च दीडपटीहून जास्त, १.६७ पट. दर वाढवायच्या आधी गळती किती कमी केली, हा प्रश्न प्रत्येक सभेत विचारा. मालक कुणीही असो.

पाच माणसांच्या घराला दरडोई १३५ लिटर धरले तर दिवसाला ६७५ लिटर, महिन्याला सुमारे २० हजार लिटर, म्हणजे मीटरवर २० युनिट. बिलात ३५-४० युनिट येत असतील तर आधी घरातली गळती शोधा, मग भांडा.

मीटर हवेवर फिरतो म्हणतात, खरं का?

खरं. नळ सुटायच्या आधी रिकाम्या पाइपातली हवा पुढे ढकलली जाते आणि ती पंखा फिरवते. पाणी सतत असेल तिथे हा प्रकार जवळपास संपतो. ठराविक वेळी पाणी येणाऱ्या भागात मात्र होतो. तपासायचं असं:

१. पाणी यायच्या दहा मिनिटं आधी मीटरचा फोटो काढा, लाल आकड्यांसकट. काळे आकडे घनमीटर, म्हणजे हजार लिटर. लाल आकडे त्याखालचे लिटर.

२. पाण्याची धार पडायला लागली की लगेच दुसरा फोटो. या दोहोंतला फरक म्हणजे हवा.

३. असं तीन पाळ्यांना करा. एका दिवसाचा पुरावा कुणी मानत नाही.

मीटरच बिघडला आहे का, हे बघायला २० लिटरची बादली पाचदा काठोकाठ भरा. मीटर १०० लिटरच्या आसपास पुढे सरकला पाहिजे. चांगल्या मीटरची चूक नेहमीच्या प्रवाहात २ टक्क्यांच्या आत असते, म्हणजे ९८ ते १०२. बादलीवरचा आकडा खोटा असू शकतो, तेव्हा आधी लिटरच्या बाटलीने बादली मोजून घ्या. ११० आला तर मीटर तपासणीचा अर्ज द्या.

घरातल्या गळतीसाठी रात्री झोपताना सगळे नळ बंद, हौदाची कॉक बंद. सकाळी आकडा हलला असेल तर गळती आहे. पाच मिनिटांत एक लिटरचा लोटा भरेल एवढी बारीक धार दिवसाला २८८ लिटर, महिन्याला साडेआठ हजार लिटरच्या वर जाते. बहुतेक वेळा दोषी असतो तो संडासाचा फ्लश टँक, किंवा हौदाची न लागणारी बॉलकॉक.

नवी जोडणी टाकताना आम्ही काय बघायचं?

ठेकेदाराची माणसं घाईत असतात, तेव्हा तुम्हीच उभं राहा. मुख्य पाइपाला सॅडल (घरची जोडणी धरणारा पट्टा) बसवताना खालचा रबर सरळ आहे ना, बोल्ट दोन्ही बाजूंनी सारखे आवळले ना? छिद्र पाडल्यावर आतला कीस काढला का? नसेल तर तो तुमच्या मीटरच्या जाळीत येऊन अडकतो आणि "पाणी येत नाही" होतं. निळा एमडीपीई (प्लास्टिकचा) पाइप वाटेत जोड न देता अखंड हवा. गटार ओलांडताना तो गटाराच्या वरून किंवा बाहेरून जाड पाइप घालून न्यावा. आतून कधीच नाही. जुना जस्ताचा पाइप मुख्य वाहिनीलाच बंद करा, घराजवळ नुसतं बूच मारून सोडू नका. तो मेलेला पाइप दहा वर्षं रस्त्याखाली गळत राहतो.

आम्ही खासगी लेआउटमध्ये राहतो. आमचं पाणी कुणाचं?

जोवर लेआउट हस्तांतरित झालेला नाही तोवर विकसकाचं, आणि खरं खासगीकरण म्हणायचं तर हेच. बेळगाव शहर विकास प्राधिकरणाने, म्हणजे बुडाने, आराखडा मंजूर केला म्हणजे रस्ते, पाणी, ड्रेनेज महापालिकेने ताब्यात घेतलं, असं होत नाही. दोन वेगळे कागद आहेत. प्लॉट घेताना हस्तांतरणाचा आदेश मागा. नसेल तर बोअरचा पंप जळाला की वर्गणी तुमचीच, टाकी साफ करायचं कामही तुमचंच. बोअरचं पाणी वर्षातून दोनदा, उन्हाळ्याच्या शेवटी आणि पावसाळ्यानंतर तपासून घ्या. भारतीय मानकाप्रमाणे लिटरला नायट्रेट ४५ मिलिग्रॅमच्या वर नको आणि फ्लोराइड १.५ च्या वर नकोच.

टँकरवाल्यावर नियंत्रण कुणाचं?

व्यवहारात कुणाचंच नाही. टँकर हा सगळ्यात महागडा खासगी पुरवठा. भाव उन्हाळ्यात ठरतो आणि शुद्धीकरणाची जबाबदारी कागदावर कुणी घेत नाही. पाणी घ्यावंच लागलं तर कुठल्या विहिरीतून भरलं ते विचारा, आणि हौदात क्लोरिनच्या गोळ्या टाकून अर्धा तास थांबा.

ड्रेनेजचं खासगीकरण का दिसत नाही?

दिसतं, पण जमिनीखाली आणि गावाबाहेर. नळ तोडता येतो म्हणून पट्टी वसूल होते. ड्रेनेज तोडता येत नाही, तोडलं तर घाण रस्त्यावरच येते. म्हणून इथे कंपनीचं गिऱ्हाईक तुम्ही नसता, सरकार असतं. गंगेच्या योजनेत वापरलेला नमुना असा: प्रक्रिया केंद्र कंपनीने बांधायचं, बांधकामाच्या काळात ४० टक्के पैसे, उरलेले ६० टक्के पुढच्या १५ वर्षांत, केंद्र चालवेल तसे. मैला साफ केल्यावर पैसे, असा हा हिशेब. पण तो चालतो कधी, जर बाहेर पडणारं पाणी रोज कुणी तरी तिसऱ्याने तपासलं तर.

पाण्याच्या सुमारे ८० टक्के सांडपाणी होतं. म्हणजे २४ तास पाणी आणायचं आणि ड्रेनेज जुनंच ठेवायचं, तर गटारं तुंबणारच. बेळगावात बळ्ळारी नाल्याने हे बरीच वर्षं दाखवून दिलंय. पावसाळ्यात तो वडगाव-शहापूर शिवारातल्या भातात शिरतो, आणि त्याबरोबर शहराचं सांडपाणीही. हलग्याच्या सांडपाणी प्रक्रिया केंद्राला पिकाऊ जमीन गेल्यावरून शेतकरी भांडले, तेही समजून घ्यायला हवं. शहराची घाण नेमकी सुपीक शिवारातच का, हा प्रश्न मालकीचाच आहे, फक्त जमिनीच्या.

सोडलेलं पाणी किती स्वच्छ हवं? केंद्र सरकारच्या २०१७ च्या अधिसूचनेत महानगरं आणि राजधान्या सोडून इतरांना बीओडी (पाण्यातली कुजणारी घाण मोजायचं माप) लिटरला ३० मिलिग्रॅमपर्यंत चालतो. हरित लवादाने २०१९ मध्ये १० ची सक्त मर्यादा सांगितली. करारात यातला कुठला आकडा आहे ते बघा. ३० वर केलेलं केंद्र १० वर आणणं म्हणजे नुसता पंखा वाढवणं नव्हे, नव्या टाक्या लागतात.

घराचं चेंबर सारखं तुंबतं. दोष कुणाचा?

आधी उतार बघा. ४ इंची पाइपला ४० फुटांत १ फूट, ६ इंचीला ६० फुटांत १ फूट, हा जुना गवंडी हिशेब अजून चालतो. उतार कमी तर मैला बसतो. आणि फार जास्त तर पाणी पुढे पळतं, मैला मागे राहतो, हे लोकांच्या लक्षात येत नाही. दुसरं: गच्चीच्या पावसाचा पाइप ड्रेनेजच्या चेंबरला जोडलाय का? आपल्याकडच्या जुलैच्या पावसात असे शंभर पाइप एका वाहिनीत आले की उताराच्या खालच्या घरात न्हाणीघरातून मैला वर येतो. हे तुमच्याही घरी असेल तर पालिकेला शिव्या देण्याआधी तोडा. घराच्या हद्दीतलं चेंबर तुमचं, रस्त्यातलं मॅनहोल त्यांचं.

आणि मॅनहोलमध्ये माणूस उतरवू नका, उतरू देऊ नका. सुरक्षा साधनांशिवाय उतरवणं २०१३ च्या कायद्याने गुन्हा आहे. मृत्यू झाला तर सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये १० लाख आणि २०२३ मध्ये ३० लाख भरपाई ठरवली. "काम ठेकेदाराचं होतं" म्हणून स्थानिक संस्थेला यातून सुटता येत नाही.

पाणीपुरवठ्यातल्या जुन्या कंत्राटी वॉलमनचं काय होतं?

कंपनी बदलली की त्यांची नोकरी सगळ्यात आधी लोंबकळते. कायद्याप्रमाणे ठेकेदाराने पगार थकवला तर तो देण्याची जबाबदारी मूळ मालकावर, म्हणजे काम देणाऱ्या संस्थेवर येते. पीएफचा आकडा दर महिन्याला स्वतः तपासा. आणि हे नुसतं कामगारांचं दुखणं नाही. जुना वॉलमन गेला की जमिनीत गाडलेला व्हॉल्व्ह कुठे आहे हे सांगणारा गावात कुणी उरत नाही.

करार बघायचा तर कसा मिळवायचा?

माहितीच्या अधिकाराने. कंपनीला थेट अर्ज करून बहुधा काही मिळत नाही, पण करार सरकारी कार्यालयात आहे, तिथून मिळतो. कर्नाटकात फी १० रुपये, पोस्टल ऑर्डर चालते. इथला नियम असा की अर्ज एकाच विषयाचा आणि १५० शब्दांच्या आत हवा. लांबलचक कैफियत लिहिली तर याच कारणाने तो परत येतो. प्रत पानाला २ रुपये. ३० दिवसांत उत्तर, नाही आलं तर त्यापुढच्या ३० दिवसांत पहिलं अपील, नंतर ९० दिवसांत माहिती आयोग.

सगळा करार मागितलात तर पाचशे पानं हाती येतील आणि वाचणार कुणी नाही. एवढंच मागा: कामगिरीच्या अटींचं परिशिष्ट (दाब, तास, गळतीची टक्केवारी), त्या अटी मोडल्याबद्दल आजवर केलेल्या दंडाची यादी, पैसे देण्याचं वेळापत्रक, आणि करार संपल्यावर काय काय परत द्यायचं त्याची यादी. दंडाची यादी कोरी आली तर एकतर काम अप्रतिम आहे किंवा मोजणारं कुणी नाही. कुठलं, ते तुमच्या नळाला विचारा.

परदेशात पाणी पुन्हा सरकारकडे घेतलं, तसं इथे होईल का?

पॅरिसने १ जानेवारी २०१० ला दोन खासगी कंपन्यांचे करार संपताच पाणी पुन्हा नगराकडे घेतलं आणि पुढच्या वर्षी दर ८ टक्के उतरवला. बोलिव्हियातल्या कोचाबांबात २००० साली दरवाढीवरून लोक रस्त्यावर आले, करार रद्द झाला. पण नळ सगळ्यांपर्यंत पोचायचा प्रश्न तिथे नंतरही राहिलाच. स्कॉटलंडने पाणी विकलंच नाही. वेल्सने २००१ मध्ये नफा न वाटणाऱ्या कंपनीकडे दिलं. इथे करार मुदतीचे आहेत. परत घेणं म्हणजे मुदत संपल्यावर न वाढवणं, एवढं सोपं. अवघड हे की त्या दिवशी जाळं चालवू शकणारे अभियंते पालिकेच्या पगारपत्रकावर हवेत. ते आत्तापासून नेमले नाहीत तर मुदतवाढ अटळ असते.

आमचं गाव ग्रामपंचायतीत. तिथे हा वाद लागू होतो का?

वेगळ्या रूपात. २०१९ च्या जलजीवन मिशनमध्ये दरडोई ५५ लिटर आणि घरोघर नळ. योजना ठेकेदार बांधतो, नंतर पंचायतीच्या गळ्यात. गावातल्या कामाच्या खर्चाचा १० टक्के लोकवाटा, डोंगराळ किंवा जंगल भागात ५. खानापूरच्या जंगलपट्ट्यातल्या गावांनी हा ५ टक्क्यांचा नियम विचारून घ्यावा. ताब्यात घेण्याआधी शेवटच्या घरच्या नळाला बादली लावून मिनिटाला किती पाणी येतं ते पीडीओसमोर (पंचायत विकास अधिकाऱ्यासमोर) मोजा. टाकीजवळच्या घरी मोजमाप करून सह्या घ्यायची पद्धत फार जुनी आहे.

बिल कन्नडमध्ये येतं. त्यात काय बघायचं?

दहा-बारा शब्द ओळखता आले तरी पुरे. नीरिन कर म्हणजे पाणीपट्टी. ओळचरंडी म्हणजे भुयारी ड्रेनेज. तिथे आकार लावलाय आणि तुमच्या गल्लीत ड्रेनेजच नाही, तर लेखी हरकत घ्या. मापक म्हणजे मीटर, हिंदिन म्हणजे मागील आकडा, प्रस्तुत म्हणजे चालू, बळके म्हणजे वापर. या तिघांची वजाबाकी स्वतः करा. हिंदिन बाकी म्हणजे मागील थकबाकी, बड्डी म्हणजे व्याज, ओट्टु म्हणजे एकूण. ठेवणी म्हणजे अनामत, ती बिलात पुन्हा पुन्हा येता कामा नये.

आणि एक शब्द फसवतो. कन्नडमध्ये पावति म्हणजे पैसे भरणं. आपण जिला पावती म्हणतो ती तिथे रशीदि. बिलावर पावतिची तारीख छापलेली बघून "भरले गेले, पावती मिळाली" असं समजून कागद फाइलला लावलात, तर पुढच्या महिन्यात बड्डी लागलेली असते.